थोडं दिसतं, त्याचं काय करायचं?

बेळगावहून गोवा एक्सप्रेसने भुसावळ, तिथे गाडी बदलून बुऱ्हाणपूर आणि पुढे मिळेल त्या वाहनाने जसोंडी. लहानपणापासून हा प्रवास मी करीत आले आहे, कारण माझी थोरली आत्या जसोंडीला दिलेली. आतोबा रेल्वेत होते. लोंढ्याला त्यांची नेमणूक असताना हे लग्न जमले. पुढे निवृत्त होऊन ते आपल्या गावी केळीच्या बागेत परतले आणि बेळगावची आमची आत्या मध्य प्रदेशची झाली. बुऱ्हाणपूर पूर्वी खंडव्याच्या जिल्ह्यात होते, २००३ साली त्याचा वेगळा जिल्हा झाला. तापीकाठचा हा मुलूख महाराष्ट्राला इतका लागून आहे की मराठी तिथे परकी नाही. त्यामुळे मराठीवाचून आत्याचे कधी अडले नाही. अडले ते कानडीवाचून.

आमची आजी धारवाडकडची. घरात वडिलांशी मराठी आणि आईशी कानडी, हा रिवाज आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. दोन्ही आत्या कानडी शाळेत शिकल्या. धाकटी धारवाडला दिली, थोरली जसोंडीला गेली, आणि दोघींची पत्रे सुरू झाली. ती सुमारे पन्नास वर्षे चालली, सगळी कानडीत. जसोंडीच्या त्या मोठ्या घरात कानडी वाचणारे दुसरे कोणी नव्हते. पत्र उघड्यावर पडले तरी कोणाला काही कळणार नाही. सासरी बाईला स्वतःची म्हणून एक खोलीसुद्धा मिळत नाही, आत्याला निदान एक लिपी मिळाली होती.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी गेले, तेव्हा देवघराच्या फळीवर बिस्किटांचा जुना डबा दिसला. त्यात धाकटीची अकरा पत्रे. सगळी फोडलेली, नीट घडी घातलेली. मी विचारले, "काय लिहिलंय गं धाकट्या आत्यानं?" आत्या म्हणाली, "वाचायचं राहिलंय." अकरा पत्रे वाचायची राहिली म्हणजे वर्ष सव्वा वर्ष झाले असणार. मी पहिले उचलले आणि म्हटले, मी वाचून दाखवते, मला येते की कानडी. तिने माझ्या हातातून ते काढून घेतले. "ते तिनं मला लिहिलंय, खरं," एवढेच बोलली.

फोन का नाही केला, असे कोणीही विचारील. धाकट्या आत्याचे कान काही वर्षांपूर्वी गेले. कानात यंत्र आहे, समोरासमोर ओठ बघून चालते, फोनवर मात्र तिला शब्द लागत नाहीत. एकीला दिसेना आणि दुसरीला ऐकू येईना. मध्ये मुले-सुना निरोप सांगत, पण निरोपात काय सांगायचे आणि काय गाळायचे हे निरोप्या ठरवतो. धाकटीने पत्रातून काही विचारले होते, त्याचे उत्तर गेले नव्हते, आणि ती रुसली होती. हे मला धारवाडच्या बाजूने ठाऊक होते. आत्याला ठाऊक नव्हते.

चौकट वाकडी झाली

तिच्या डोळ्यांची सुरुवात कशी झाली ते नंतर हळूहळू कळले. एके सकाळी तिला स्वयंपाकघराच्या दाराची चौकट मध्ये वाकलेली दिसली. तिला वाटले घर खचले. मुलाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, तिने गवंडी आणायला सांगितले. गवंड्याने ओळंबा लावून बघितला, चौकट सरळ. हसण्यावारी गेले. पुढे भिंतीवरच्या कॅलेंडरातली मधली तारीख पुसल्यासारखी दिसू लागली, मग समोरच्याचे नाक-डोळे.

तिला झाले होते ते वयोमानाने होणारी मॅक्युलाची झीज. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा जो मधोमध ठिपका आहे, ज्याने आपण अक्षर वाचतो, सुई ओवतो, चेहरा ओळखतो, तो मॅक्युला. तो झिजला की नजरेच्या मध्यभागी डाग पडतो, आणि आपण जिकडे बघू तिकडे तो डाग पुढे पुढे जातो. कडेचे दिसणे मात्र शाबूत राहते. या आजाराने सहसा पूर्ण अंधार होत नाही. आणि याच कारणाने घरात गैरसमज होतात. आत्याला सुनेचा चेहरा दिसत नव्हता, पण पायाशी फिरणारे मांजर दिसत होते. वर्तमानपत्राचा मथळा दिसत नव्हता, पण जमिनीवर सांडलेला तांदळाचा दाणा कडेने दिसत होता. "मांजर दिसतं तर मग माणूस कसं दिसत नाही?" असे घरात कोणी उघड म्हणाले नाही, पण विचार प्रत्येकाच्या मनात येऊन गेला. वहिनीने मला स्वयंपाकघरात हळूच विचारले, "आत्याबाई कंटाळल्यात म्हणून तर असं करत नाहीत ना हो?" तिचा दोष नाही. आपल्याकडे माणूस आंधळा तरी असतो किंवा डोळस तरी. मधल्या माणसाला आपल्या भाषेत धड नावच नाही. 'कमी दिसतं' एवढे म्हणतो, आणि ते तर पन्नाशीनंतर सगळ्यांनाच दिसते.

कायद्याने मात्र नाव दिले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'अल्पदृष्टी' हा वेगळा प्रकार आहे. बऱ्या डोळ्याची नजर, चांगल्यात चांगला चष्मा लावूनही, ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत असेल, किंवा दिसण्याचे क्षेत्र ४० अंशांहून आकसून १० अंशांपर्यंत आले असेल, तर ती अल्पदृष्टी. हे अपूर्णांक कागदावर बघून पुष्कळजण गांगरतात. आत्याच्या कागदावर ६/६० होते. म्हणजे चांगला डोळा जे अक्षर साठ मीटरवरून वाचतो, ते तिला सहा मीटरवर यावे लागते. एवढाच त्याचा अर्थ.

चौकटीची खूण मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. घरात चौकटींची वही असतेच. एक डोळा हाताने झाकून, जवळचा चष्मा लावून, चौकटींच्या पानाच्या मध्यावर नजर ठेवायची. रेषा लाटांसारख्या दिसल्या किंवा मध्ये भोक दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचे. मग दुसरा डोळा. आम्सलर नावाच्या स्विस डॉक्टरांनी केलेल्या चाचणीचे हे घरगुती रूप. घाई अशासाठी की या आजाराचे दोन प्रकार आहेत. 'कोरडा' प्रकार सावकाश चालतो आणि गेलेली नजर परत येत नाही. 'ओल्या' प्रकारात पडद्याखाली पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या होतात आणि काही आठवड्यांत नुकसान होते, पण तो वेळेत सापडला तर डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी अटकाव करता येतो. आत्याचा कोरडा निघाला. "दुसरा डोळा बसवता येत नाही का?" असे आतेभावाने विचारले. सगळेच विचारतात. नेत्रदानात मिळालेल्या डोळ्याचे पुढचे पारदर्शक बुबुळ, म्हणजे कॉर्निया, बसवता येतो. पडदा बसवता येत नाही.

भिंतीवरच्या वेली

एक गोष्ट आत्याने कोणालाच सांगितली नव्हती. एका रात्री अंगणात बाजेवर पडलो असताना ती मला कानडीत म्हणाली, भिंतीवर वेली चढतात, जांभळ्या फुलांच्या. कधी बुटकी बुटकी माणसे रांगेने जाताना दिसतात, टोप्या घातलेली. काही बोलत नाहीत. नव्हत म्हणून डोळे मिटून उघडले की जातात. हे मुलांना सांगितले तर बाहेरचे काही लागले म्हणतील, नाहीतर डोके फिरले म्हणतील, म्हणून ती गप्प होती. मीही घाबरले.

नंतर डॉक्टरीणबाईंना सांगितले तर त्या हसून म्हणाल्या, "बरं झालं बोललात, बरेच जण लपवतात." डोळ्यांकडून चित्र येणे कमी झाले की मेंदू आपल्या मनाने चित्रे रंगवतो. चार्ल्स बॉने या स्विस पंडिताने आपल्या आजोबांच्या अशाच अनुभवाची नोंद १७६० साली केली होती, आणि आज तो प्रकार त्याच्याच नावाने ओळखला जातो. वेड नव्हे, बाधाही नव्हे. जे दिसते ते खरे नाही हे माणसाला कळत असते, ही त्याची ओळख. हे ऐकल्यावर आत्या त्या बुटक्या माणसांना निर्धास्तपणे 'माझी वरात' म्हणू लागली.

पुढे काही होणार नाही, म्हणजे काय?

तिच्या डोळ्यांना ज्यांनी आधी तपासले त्यांनी "वयाचं आहे, आता काही होणार नाही" असे सांगून पाठवले होते. औषधाच्या दृष्टीने ते खोटे नव्हते. पण 'औषध नाही' आणि 'उपाय नाही' यात फरक आहे, तो कोणी सांगितला नाही, आणि एक वर्ष डब्यात गेले. डोळ्यांच्या मोठ्या रुग्णालयांत 'लो व्हिजन' नावाचा वेगळा विभाग असतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत तर त्याचे स्वतंत्र केंद्रच आहे, मीरा व एल. बी. देशपांडे यांच्या नावाचे. आम्ही आत्याला पुण्याला नेले.

तिथे पहिल्या दिवशी यंत्र वगैरे काही दाखवले नाही. बाईंनी तिला समोर बसवले आणि म्हटले, माझ्या चेहऱ्याभोवती घड्याळ आहे असे समजा. आता बाराकडे बघा, माझे नाक दिसते? एककडे बघा. दोनकडे. असे करत अकराकडे बघितल्यावर आत्या एकदम म्हणाली, "तुम्ही चष्मा लावलाय की!" मधला डाग वर सरकला आणि त्याखालून चेहरा दिसला. पडद्याच्या शाबूत राहिलेल्या जागेने पाहायची ही सवय. ती सरावाने लागते, दोन-तीन आठवडे चिडचीडही होते. आज आत्या माझ्याशी बोलते तेव्हा माझ्या डोक्यावरून पलीकडे कोणाकडे तरी बघत आहे असे वाटते. नवख्याला ते उद्धटपणाचे वाटेल. ती खरे म्हणजे त्याच वेळी मला बघत असते.

मग भिंग. आम्ही घरून बाजारातले सर्वांत मोठे, बशीएवढे भिंग घेऊन गेलो होतो. बाई म्हणाल्या, भिंग जितके मोठे तितकी त्याची ताकद कमी, हे लोकांना पटतच नाही. ताकदीचा आकडा डायॉप्टरमध्ये असतो, त्याला चाराने भागले की किती पट मोठे दिसेल ते साधारण कळते. आमची बशी सहा डायॉप्टरची, म्हणजे दीडपट. आत्याला दिले ते वीस डायॉप्टरचे, पाचपट. ते लहान असते आणि कागदापासून बरोबर पाच सेंटीमीटरवरच धरावे लागते. हात थरथरतो त्यांना पायांवर उभे राहणारे, आत दिवा असलेले भिंग देतात, कागदावर ठेवून सरकवायचे. आत्याने तेच घेतले. एका वेळी दोन-तीन अक्षरे दिसतात. वाचन म्हणजे भिंतीच्या फटीतून मिरवणूक बघण्यासारखे होते, पण होते.

दिव्याचे सांगते. घरात ट्यूब छताला असते आणि म्हातारे माणूस त्याखाली बसून वाचते, स्वतःच्याच डोक्याची सावली कागदावर पाडून. टेबलावरचा मान वळवता येणारा दिवा खांद्याच्या बाजूने, कागदाजवळ, डोळ्यात न शिरेल असा लावला की भिंगाचे निम्मे काम तोच करतो. एवढ्या साध्या गोष्टीला आम्हाला वर्ष लागले.

आणि काळा पुठ्ठा. पांढऱ्या कागदाचा झगझगाट झाकायला आणि ओळ चुकू नये म्हणून काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापतात, ती ओळीवर ठेवून वाचायचे. बाईंनी मराठीच्या मापाने एक कापून दिला. जसोंडीला आल्यावर आत्याने डब्यातले पहिले पत्र काढले, पुठ्ठा ठेवला, भिंग ठेवले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "हे काय, 'अक' लिहिलंय." मी बघितले. कानडीत 'अक्क' लिहिताना दुसरा 'क' पहिल्याच्या पोटाखाली लहानसा लटकतो, ओत्तक्षर म्हणतात त्याला. तो खिडकीच्या कडेखाली गेला होता. मराठीतही उकार खाली आणि वेलांट्या, रफार वर असतात, पण कानडीची जोडाक्षरे खाली खूपच उतरतात. आम्ही पुठ्ठ्याची खिडकी बोटभर वाढवली. मग 'अक्क' दिसले. पुढे धाकटीचे गिचमिड अक्षर आणि निळे बॉलपेन. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चार ओळी झाल्या. तिने मला एकही विचारली नाही.

सही

त्या पुठ्ठ्याच्या उरलेल्या तुकड्याची गोष्टही सांगायला हवी. नजर गेल्यावर एका बँकेत आत्याची सही ओळीवरून घसरली. तिथल्या माणसाने शाईचा पॅड पुढे केला आणि म्हणाला, "आजी, अंगठाच द्या, बरं पडतं." मॅट्रिक झालेली बाई. तिने अंगठा दिला आणि त्यानंतर बँकेत पाऊल टाकले नाही, पेन्शन मुलगा आणू लागला. रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच सर्व बँकांना बजावले आहे की दृष्टीबाधित खातेदाराला चेकबुकापासून एटीएम आणि लॉकरपर्यंत कुठलीही सोय नाकारायची नाही. ते परिपत्रक काउंटरवरच्या सगळ्यांनी वाचलेले असते असे नाही. आम्ही पुठ्ठ्यात सहीच्या मापाची चौकोनी खिडकी कापली. कडा बोटाला लागतात, पेन बाहेर जात नाही. वहीच्या पाठीमागे तिने सत्तर-ऐंशी सह्या केल्या. मागच्या उन्हाळ्यात ती त्याच बँकेत गेली, तुकडा पिशवीतून काढला आणि सही केली. काही बोलली नाही म्हणे. आतेभाऊ सांगत होता, परत येताना रिक्षावाल्याशी मात्र भाड्यावरून जोरात भांडली.

पैशांचेही तसेच. नव्या नोटा लांबीने वेगळ्या आहेत: शंभराची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार मिलिमीटरचा फरक हाताला एकदम कळत नाही, पण तीन बोटांत धरून मापायची सवय केली की कळू लागतो. शिवाय शंभर, दोनशे आणि पाचशेच्या डाव्या-उजव्या कडांना उठावाच्या तिरक्या रेघा आहेत. शंभरावर चार, दोनशेवर चार रेघा आणि दोन गोल, पाचशेवर पाच. नोट कोरी असेल तोवर त्या लागतात, बाजारात मळली की झिजतात. रिझर्व्ह बँकेचे 'मणी' नावाचे मोबाईल ॲप १ जानेवारी २०२० पासून आहे. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगते, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. नोट खरी की खोटी ते मात्र सांगत नाही, हे ध्यानात असू द्यावे. आत्याला ते आवडले नाही. चार माणसांत फोन ओरडून माझे पैसे सांगतो, म्हणाली. तिने पिशवीला तीन कप्पे शिवून घेतले.

स्वयंपाकघरात फार काही केले नाही. पांढऱ्या ताटात दहीभात दिसत नाही, म्हणून गर्द रंगाचे ताट. पायरीच्या काठाला पिवळी पट्टी. मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेच्या डब्याला दोन. सर्वांत महत्त्वाचे, वस्तू जिथली तिथे. वहिनीला हे जड गेले, पण तिने केले, आणि "कंटाळल्यात का" हा प्रश्न पुन्हा आला नाही.

बेंगळूरची बाई

आता फोनचे. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आहे, म्हणजे पडद्यावर बोट फिरवले की तिथे काय आहे ते बोलणारी सोय. वेगळे पैसे पडत नाहीत. उत्साहाच्या भरात मी ती आत्याच्या फोनवर सुरू केली आणि आम्हाला ती बंद करता येईना, कारण ती चालू असली की एका बोटाने एकदा टेकवून काही उघडत नाही, दोनदा टेकवावे लागते. तासभर फोन एकटाच बडबडत होता आणि भाचरे हसून लोळत होती. थोडे दिसणाऱ्याने आधी टॉकबॅकच्या मागे लागू नये, हे मी शिकले. अक्षर मोठे करणे, काळ्यावर पांढरे करणे, तीन वेळा टेकवून पडदा मोठा करणे, आणि निवडलेला मजकूर वाचून घेणे, एवढ्यावर पुष्कळांचे भागते.

कॅमेऱ्यासमोर छापील पान धरले की अक्षरे ओळखून वाचणारी सोयही आता फोनमध्ये मराठी-कानडीसाठी आहे. धाकट्या आत्याने पूर्वी पाठवलेले 'सुधा' साप्ताहिकाचे जुने अंक माळ्यावर होते. एक काढला, फोन धरला, आणि फोनमधून स्वच्छ कानडी येऊ लागले. किती वर्षांनी त्या घरात दुसऱ्या कोणाच्या तोंडून कानडी ऐकू आले असेल! आत्या डोळे मिटून ऐकत होती. पान संपल्यावर म्हणाली, "ही बाई बेंगळूरची दिसते." खरेच, फोनचा आवाज पुस्तकी बोलतो. मराठीची गंमत वेगळी. फोनला भाषा नीट नेमून दिली नाही तर तो मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचतो, आणि मग 'चमचा' आणि 'चहा' यांतले दोन वेगळे 'च' एकाच साच्यातून निघतात. जो दोन्ही भाषा वाचतो त्याने दोन्ही आवाज उतरवून घ्यावेत.

पण धाकटीचे हस्ताक्षर? फोनने तिच्या पत्राचे जे केले ते सांगण्यासारखे नाही. हाताने लिहिलेले कानडी त्याला वाचता येईना. तिथे पुन्हा भिंगच.

संगणकावर शिकणारी मुले या सगळ्याच्या पुष्कळ पुढे गेली आहेत. 'जॉज' हा बोलणारा प्रोग्राम महाग, पण ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली सुरू केलेला 'एनव्हीडीए' फुकट मिळतो. प्रांजल पाटील यांचे नाव वाचकांनी ऐकले असेल. घराणे जळगाव जिल्ह्यातले, म्हणजे जसोंडीच्या शेजारचेच म्हणायचे. सहाव्या वर्षी दृष्टी गेली, दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकल्या, बोलणाऱ्या संगणकावर अभ्यास केला आणि २०१७ च्या लोकसेवा परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून आयएएस झाल्या. तरीही मला वाटते, अशा मोठ्या उदाहरणांनी घरातल्या आत्याचे काम होत नाही. तिला कलेक्टर व्हायचे नव्हते.

ब्रेलची एक गोष्ट मात्र आपल्यासारख्या दुभाषी घरांनी ऐकावी अशी आहे. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' ठरले. त्यात एका उच्चाराला सगळ्या भाषांत एकच ठिपके. डोळ्याला मराठी 'क' आणि कानडी 'क' यांचे काही नाते दिसत नाही, बोटाला मात्र दोन्ही एकच लागतात, पहिला आणि तिसरा ठिपका. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत असाव्यात यावर आपल्या सीमाभागात किती डोकी फुटली! मराठीत 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू केले. ते जो बोटाने वाचतो त्याला कानडी ब्रेल हाती दिले तर अक्षरे ओळखीची निघतील, अडेल ती भाषा. आत्याने ब्रेल शिकावे असे मी सुचवले होते. मधुमेहाने बोटे बधिर झालीत म्हणाली, आणि विषय संपला.

उत्तर

अकरा पत्रे वाचायला तिला सात आठवडे लागले. मी तोवर बेळगावला परतले होते. सातव्या पत्रात काय होते ते तिने मला सांगितले नाही, पण ते वाचल्यावर ती दोन दिवस जेवली नाही असे वहिनी फोनवर म्हणाली. मग तिने नातवाला बोलावले आणि विचारले, कानडी लिहिता येईल असा फोन करून दे. कळफलकावर कानडी बसवले, माइकचे चिन्ह दाबून बोलायचे आणि अक्षरे उमटतात हे त्याने दाखवले. धाकटीला ऐकू येत नाही, पण वाचता तर येते!

पहिला निरोप लिहायला सारी दुपार गेली. फोनला धारवाडी बोली कळेना. आत्या 'बरतीनि' म्हणे आणि तिथे भलतेच काही उमटे. शेवटी तिने शाळेतल्या मास्तरांसारखे 'बरुत्तेने' म्हटले आणि ते बरोबर उमटले. निरोप फोनकडूनच वाचून घेऊन तिने तपासला, दोनदा पुसला, तिसऱ्यांदा पाठवला. त्यात चुका होत्या, हे धाकट्या आत्याने मला नंतर हसत सांगितले. "अक्का पुस्तकासारखं बोलायला लागली," म्हणाली. मजकूर तिनेही सांगितला नाही.

उत्तर आठ दिवसांनी आले, टपालाने. धाकटीला फोनवर लिहिणे पसंत नाही. पण तिच्या सुनेने तिला जाड काळे स्केचपेन आणि पिवळसर कागद आणून दिला होता. अक्षर बोराएवढे, एका पानावर सहा ओळी, ओळींत भरपूर जागा. पूर्वी एका पाकिटात मावे तेवढ्या मजकुराला आता तीन पाकिटे लागतात आणि पोस्टमन कुरकुरतो. आत्याला त्यासाठी भिंगही लागत नाही, दिवा पुरतो.

यंदा संक्रांतीनंतर मी जसोंडीला गेले तेव्हा असेच एक जाड पाकीट माझ्यासमोरच आले. आत्याने दिवा ओढून घेतला, मान थोडी वर करून अकराच्या काट्याकडे नजर लावली आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवले. मी शेजारीच बसले होते. थोड्या वेळाने ती न बघताच म्हणाली, "तू जरा चहाचं बघतीस काय?"

मी उठून चहाचे बघायला गेले.